‘मेझर अप’ कुठे वापरायचं आणि कुठे नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीतून परीक्षा, मुलाखती आणि ऑफिसचा पत्रव्यवहार करणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. या क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत मिळतो. तो अर्थ पाठ असूनही वाक्य मात्र चुकतं, म्हणून उत्तरांचा भर वापरावर आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कानाला लवकर सवय होते.

‘मेझर अप’ म्हणजे काय?

अपेक्षेला उतरणं, पुरेसं चांगलं ठरणं. ‘द न्यू कीपर डिडन्ट मेझर अप’ म्हणजे नवा यष्टिरक्षक अपेक्षेला उतरला नाही.

‘मेझर’ म्हणजे मोजणे हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘शिंपी माप घेतो’ या वाक्यात मोजणारा कर्ता आहे. ‘मेझर अप’मध्ये ज्याचं माप निघतं तोच कर्ता असतो. मोजणारा वाक्यात दिसतच नाही, पण तो असतो: निवड समिती, साहेब, गिऱ्हाईक, सासरची माणसं, नाहीतर आपण स्वतः. वाक्य लिहिण्याआधी ‘इथे मोजतंय कोण?’ एवढं विचारलं तरी निम्म्या चुका टळतात.

मराठीत याला सर्वांत जवळचं काय?

‘निकषांची पूर्तता करणे’ असं उत्तर गाइडमध्ये दिलेलं असतं. ते चूक नाही, पण सरकारी आहे. बोलण्यातलं खरं जवळचं रूप म्हणजे ‘सर येणे’. विकतच्या पुरणपोळीला घरच्या पोळीची सर येत नाही: ‘शॉप-बॉट पुरणपोळी डझन्ट मेझर अप टू द होममेड वन.’ दोन्हीकडे एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवली जाते, आणि दोन्हीकडे वाक्य बहुधा नकारार्थी असतं. ‘याला त्याची सर आली’ असं आपण क्वचितच म्हणतो.

आणखी एक सुंदर वाक्प्रचार आहे, ‘पासंगालाही न पुरणे’. तराजूची पारडी समान करायला हलक्या बाजूला जे लहानसं वजन टाकतात तो पासंग. ‘तो वडिलांच्या पासंगालाही पुरणार नाही’ यातली धार ‘मेझर अप’मध्ये नाही. तेवढं कडक इंग्रजीत म्हणायचं असेल तर ‘ही डझन्ट ईव्हन कम क्लोज टू हिज फादर’ म्हणावं. ब्रिटिश माणूस ‘ही इझन्ट अ पॅच ऑन हिज फादर’ असंही म्हणेल.

‘कसोटीला उतरणे’ही चालतं. कसोटी म्हणजे सोन्याचा कस घासून पाहायचा काळा दगड, आणि संस्कृतात ‘निकष’ म्हणजेही तोच दगड. आज हे शब्द कागदोपत्री झाले असले तरी मुळात ते सराफाच्या पेढीवरचे आहेत. इंग्रजीतही त्या दगडाचं नाव, ‘टचस्टोन’, मापदंड या अर्थाने वापरतात.

‘मीट’, ‘लिव्ह अप टू’ आणि ‘मेझर अप टू’ यांत फरक काय? तिन्हींचा अर्थ ‘अपेक्षा पूर्ण करणे’ असाच दिलेला असतो.

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. फरक पट्टी कुठून आली यावर ठरतो: नियमातून, नावलौकिकातून की तुलनेतून.

कोकणच्या हापूसचं उदाहरण घेऊ. २०१८ साली या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. आंबा या जिल्ह्यांतला आहे की नाही हा नियमाचा प्रश्न झाला. उत्तर हो किंवा नाही, अधलं-मधलं काही नाही. इथे ‘मीट’ किंवा ‘क्वालिफाय’ वापरायचं: ‘दीज मँगोज डोन्ट मीट द कंडिशन्स फॉर द टॅग.’ आंबा कितीही गोड असला तरी बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर तो अट पुरी करत नाही.

आता पेटी देवगडचीच आहे, भावही तसाच मोजला आहे, पण फळ पिळपिळीत निघालं. जिल्ह्याची अट पुरी झाली तरी नावाला जागलं नाही. इथे ‘लिव्ह अप टू’: ‘द मँगोज डिडन्ट लिव्ह अप टू देअर नेम.’ म्हणूनच ‘लिव्ह अप टू’च्या पुढे नाव, कीर्ती, वचन, जाहिरात, तत्त्व, लोकांनी बांधलेल्या आशा असे शब्द येतात. आपण ‘शब्दाला जागणे’, ‘नावाला जागणे’ म्हणतो त्यातलं ‘जागणे’ इथे अगदी चपखल बसतं.

तिसरी गोष्ट. तुम्ही कर्नाटकातला आंबा आणला, तो देवगडच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही चाखले. कुणी फसवलं नाही, नियम मोडला नाही, फक्त तुलना झाली. ‘इट वॉज स्वीट, बट इट डिडन्ट मेझर अप टू द वन फ्रॉम देवगड.’ गोड होता, पण देवगडची सर नाही. इथे ‘मेझर अप’ शोभतं.

सीमारेषा काही जागी पुसट होतात हे मान्य. ‘एक्स्पेक्टेशन्स’ हा शब्द तिन्ही क्रियापदांपुढे येतो आणि तिन्ही बरोबर असतात. तरी छटा उरतेच. ‘मीट एक्स्पेक्टेशन्स’ म्हणजे ठरलं होतं तेवढं केलं. ‘लिव्ह अप टू एक्स्पेक्टेशन्स’ म्हणजे लोकांनी जी आशा बांधली होती तिला जागलं. ‘मेझर अप टू एक्स्पेक्टेशन्स’मध्ये कुणीतरी पारखून पाहिल्याचा भाव येतो.

उंची, वय, टक्केवारी यांसाठी ‘मेझर अप’ चालेल का? मोजमापच तर आहे.

नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. १६४ सेंटिमीटर उंचीच्या मुलाबद्दल ‘ही डझन्ट मीट द हाइट रिक्वायरमेंट’ म्हणायचं. ‘ही डझन्ट मेझर अप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की मुलगाच पोलीस व्हायच्या लायकीचा नाही. पट्टीने मोजता येतं तिथे हे क्रियापद नको. गुण, तयारी, दर्जा अशा पट्टीने न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ते आहे.

वस्तूंच्या प्रमाणकांचंही तसंच. आयएसआय चिन्हाचं हेल्मेट ठरलेल्या मानकाला ‘कन्फॉर्म’ करतं, कारखाना नियमांचं ‘कम्प्लाय’ करतो. टेंडरच्या कागदात ‘मेझर अप’ लिहिलेलं विचित्र दिसेल.

ते नेहमी नकारातच का दिसतं?

नेहमी नाही, पण बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नात दिसतं. ‘हाउ इज द न्यू बॉय मेझरिंग अप?’ हा अगदी सहज विचारला जाणारा प्रश्न आहे. होकारार्थी वाक्यात त्याच्या आधी बहुधा आशा, प्रयत्न किंवा शंका दाखवणारा शब्द असतो: ‘शी ट्राइड हार्ड टू मेझर अप.’ नुसतं ‘शी मेझर्स अप’ व्याकरणाने बरोबर आहे, पण बोलणाऱ्याला आधी शंका होती असा वास त्याला येतो. मनापासून कौतुक करायचं असेल तर ‘शी इज एक्सलंट’ म्हणा.

‘टू’ लावायचं की ‘विथ’?

‘टू’. ‘विथ’ची चूक आपल्या मराठीतून येते. आपण ‘कुणाशी’ तुलना करतो, ‘कुणाबरोबर’ बरोबरी करतो, म्हणून हात आपोआप ‘विथ’कडे जातो. ‘सर येणे’ लक्षात ठेवलंत तर मदत होईल, कारण तिथे ‘कुणाची’ सर असते, ‘कुणाशी’ नसते.

कशाशी तुलना हे संदर्भातून कळत असेल तर ‘टू’सकट पुढचं सगळं गाळता येतं. ‘वी हायर्ड थ्री ड्रायव्हर्स. ओन्ली वन मेझर्ड अप.’ वाक्य पूर्ण आहे. मात्र ‘टू’ लिहून पुढे काहीच न लिहिणं चूक.

‘अगेन्स्ट’ही वाचायला मिळतं: ‘हाउ डझ आवर स्कूल मेझर अप अगेन्स्ट अदर्स?’ तेही बरोबर आहे. तिथे तुलनेवर भर असतो, निकाल अजून लागायचा असतो.

‘टू’च्या पुढे क्रियापद आलं तर?

मग ते ‘इंग’ रूपात येतं. हा ‘टू’ शब्दयोगी आहे, ‘टू गो’, ‘टू ईट’मधला नव्हे. ‘लुक फॉरवर्ड टू’ला जो नियम तोच इथे. ‘ही कुडन्ट मेझर अप टू लीड द टीम’ चूक, ‘टू लीडिंग द टीम’ व्याकरणाला धरून. त्याहूनही सहज म्हणजे नाम वापरणं: ‘ही कुडन्ट मेझर अप टू द जॉब.’ मी विद्यार्थ्यांना नामच वापरायला सांगते.

मधे शब्द घालून तोडता येतं का? कर्मणी प्रयोग होतो का?

या अर्थाने दोन्ही नाही. ‘एक्स्पेक्टेशन्स वेअर मेझर्ड अप टू’ असं कुणी म्हणत नाही.

पण ब्रिटनमध्ये याच जोडशब्दाचा दुसरा, साधा अर्थही रोजच्या वापरात आहे: पडदे, गालिचा, स्वयंपाकघराचे ओटे यांसाठी जागेची मापं घेणे. ‘दे विल कम अँड मेझर अप ऑन मंडे’ म्हणजे दुकानाचा माणूस सोमवारी मापं घ्यायला येणार. या अर्थाने मोजणाराच कर्ता होतो, क्रियापद तोडताही येतं आणि कर्मणी प्रयोगही चालतो: ‘मेझर द रूम अप’, ‘द किचन वॉज मेझर्ड अप यस्टर्डे.’ लंडनला राहायला गेलेल्यांना घरमालकाचा निरोप वाचताना हा अर्थ माहीत हवा.

आमच्या ऑफिसात सगळे ‘अप टू द मार्क’ म्हणतात. ते चूक आहे का?

अजिबात नाही. ते अस्सल इंग्रजी आहे आणि भारतात फार रुळलं आहे, ‘तुझं काम अप टू द मार्क नाही’ असं आपण मराठी वाक्यातही घालतो. ब्रिटिशांना ते लगेच कळतं. अमेरिकनांच्या तोंडी तुलनेने कमी येतं, तिकडे ‘अप टू पार’ किंवा ‘अप टू स्नफ’ जास्त ऐकू येईल. घडणीत मात्र फरक आहे. ‘अप टू द मार्क’ हे क्रियापद नाही, त्याच्या आधी ‘इज’, ‘वॉज’ लागतं. ‘इट डिडन्ट अप टू द मार्क’ हे मी बऱ्याच ईमेलमध्ये पाहिलं आहे. ‘इट वॉजन्ट अप टू द मार्क’ हवं.

‘कम अप टू स्क्रॅच’ आणि ‘पास मस्टर’ कुठून आले?

दोन्हींच्या मागे सांगण्यासारखी हकीकत आहे.

हातमोजे न घालता मुष्टियुद्धं व्हायची त्या काळात इंग्लंडमध्ये रिंगणाच्या मधोमध एक रेघ असे. ती रेघ म्हणजे ‘स्क्रॅच’. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याच्या १७४३ च्या नियमांतही पडलेल्या गड्याला अर्ध्या मिनिटाची मुदत होती. १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांनी ते आणखी बांधून दिलं: ३० सेकंद विसावा, आणि मग ८ सेकंदांत कुणाचाही आधार न घेता चालत रेघेपर्यंत यायचं. आला नाही तर हरला. रेघेला येऊ शकतो तो लढायच्या लायकीचा, हा अर्थ पुढे सगळ्याच कामांना लागला. ‘द फूड डिडन्ट कम अप टू स्क्रॅच’ म्हणजे जेवण त्या दर्जाचं नव्हतं. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश आहे. ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे अगदी सुरुवातीपासून. तिथली रेघ शर्यतीच्या आरंभाची, अर्थ निराळा. या दोघांची सरमिसळ करू नका.

‘मस्टर’ तर आपल्या घरातलाच शब्द झाला आहे. कारखान्यात, पंचायतीत, रोजगार हमीच्या कामावर हजेरी लागते ते मस्टर. सैनिकांना एकत्र उभं करून मोजणी आणि तपासणी करायची, माणूस, हत्यार, गणवेश सगळं पाहायचं, तो ‘मस्टर’. त्या तपासणीत खोट निघाली नाही म्हणजे ‘पास मस्टर’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘दाखवणे’, ‘डेमॉन्स्ट्रेट’ त्याच कुळातला. म्हणून ‘पास मस्टर’मध्ये फार कौतुक नाही. तपासणीतून सुटलं, चालून गेलं, एवढंच. ‘द रिपोर्ट वुड पास मस्टर’ असं साहेबांनी म्हटलं तर पेढे वाटू नयेत.

नोकरीच्या अर्जात ‘आय विल मेझर अप टू युअर एक्स्पेक्टेशन्स’ लिहू का?

नको, असंच मी सांगेन. हे वाक्य नम्र वाटतं म्हणून आपल्याकडच्या अर्जांत पुष्कळ असतं. पण त्याने स्वतःबद्दलची शंका अर्जदार स्वतःच मांडतो, आणि पट्टी समोरच्याच्या हातात देतो. शिवाय ते कुठल्याही अर्जात बसतं, म्हणजे तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. जाहिरातीत तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल आणि तो तुमच्याकडे असेल तर ‘आय मीट द रिक्वायरमेंट ऑफ थ्री इयर्स एक्स्पीरियन्स’ लिहा आणि लगेच काय काम केलं ते सांगा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या कामात काही कमी नसतं. उसनी नम्र वाक्यं मात्र त्यांना उगाच लहान करतात.

हाताखालच्या माणसाला ‘यू डोन्ट मेझर अप’ म्हटलं तर कसं वाटतं?

फार लागतं. कर्त्याच्या जागी माणूस आला की हा शेरा कामावरचा राहत नाही, माणसावरचा होतो. मराठीत ‘तुझ्यात ती धमकच नाही’ म्हणण्यासारखं आहे. कामाबद्दल बोलायचं तर कामालाच कर्ता करा, आणि काय राहिलं ते सांगा: ‘द रिपोर्ट डझन्ट मीट द क्लायंट्स ब्रीफ येट, द कॉस्ट फिगर्स आर मिसिंग.’ त्यातला ‘येट’ महत्त्वाचा आहे. अजून वेळ आहे, हे तो एक शब्द सांगतो.

मुलांच्या बाबतीत तर हे क्रियापद आणखी जपून. परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांत ‘व्हाय कान्ट यू मेझर अप टू युअर सिस्टर?’ असं रागाच्या भरात बोललं जातं. आईवडिलांच्या मनात ‘ताईसारखा अभ्यास कर ना’ एवढंच असतं. इंग्रजीतच विचार करणाऱ्या मुलाला मात्र ‘तू ताईपेक्षा कमी आहेस’ असं ऐकू येतं. अभ्यासाचं बोलायचं असेल तर अभ्यासाचंच बोलावं.

आयईएलटीएसमध्ये, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत, वापरल्यास गुण वाढतात का?

बोलण्याच्या परीक्षेत योग्य जागी आलं तर उपयोग होतो. ती मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते आणि ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार बाजूंनी गुण देतात. सहज आलेला वाक्प्रचार शब्दसंपत्तीत धरला जातो, ओढूनताणून आणलेला लगेच कळतो. ‘द सीक्वल डिडन्ट मेझर अप’ असं चित्रपटाबद्दल बोलताना येणं स्वाभाविक आहे. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे किमान २५० शब्दांच्या निबंधात, भाषा औपचारिक ठेवायची असते. तिथे ‘मीट’, ‘सॅटिस्फाय’, ‘फॉल शॉर्ट ऑफ’ बरे.

उच्चार कसा करायचा?

‘मेजर’ नव्हे. ‘मेजर’ हा सैन्यातला हुद्दा, आणि त्यात ‘ए’ लांब असतो. ‘मेझर’मधला मधला ध्वनी ‘प्लेझर’, ‘ट्रेझर’, ‘व्हिजन’ यांत आहे तोच. मराठीत तो नाही: आपला ‘माझा’तला ‘झ’ दातांजवळ होतो, हा त्याहून मागे, ‘श’ म्हणतो त्या जागी. लांब ‘श्श्श’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता गळ्यातून आवाज काढा, ध्वनी सापडेल.

जोर ‘अप’वर येतो. ब्रिटिश उच्चारात ‘मेझर’चा शेवटचा ‘र’ एरवी गळतो, पण पुढे ‘अप’चा स्वर आल्याने परत ऐकू येतो आणि दोन्ही शब्द जोडून ‘मेझरप’ असे होतात. ‘लिव्ह अप’मध्ये ‘लि’ ऱ्हस्व ठेवा. दीर्घ केलात तर ‘सोडून जाणे’वाला ‘लीव्ह’ होतो.

याच्या उलट काय म्हणायचं?

कमी पडणं म्हणजे ‘फॉल शॉर्ट’, आणि कशात ते सांगताना पुढे ‘ऑफ’. आशा लावून निराश करणं म्हणजे ‘लेट डाउन’. अपेक्षेपलीकडे जाण्यासाठी ‘एक्सीड’ किंवा ‘सरपास’. ‘फाउंड वाँटिंग’ हे जुन्या वळणाचं, बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातून आलेलं: तराजूत तोलला गेलास आणि उणा ठरलास. म्हणजे तिथेही तराजूच आहे. बातम्या आणि अग्रलेखांत ते अजून भेटतं.

‘साइझ अप’ आणि ‘मेझर अप’ एकच का?

नाही. ‘साइझ अप’मध्ये पारखणारा कर्ता असतो: ‘शी साइझ्ड हिम अप इन वन मिनिट’ म्हणजे तिने मिनिटभरात त्याला जोखलं. जोखल्यावर तो पसंतीस उतरला की नाही, ते सांगायला ‘मेझर अप’. दोन्ही एका वाक्यात आणता येतात: ‘द पॅनल साइझ्ड अप टेन कँडिडेट्स, अँड टू मेझर्ड अप.’